गायमुख घाटात तापलेली 1998 ची झेन: रेडिएटर कसा निवडला

गाडी 1998 ची मारुती झेन. पेट्रोल, कार्ब्युरेटरवाली, 993 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, एमएच 04 पासिंग. पहिली पंधरा वर्षं 2013 ला भरली. तेव्हा, मग 2018 ला आणि 2023 ला आरटीओत पुन्हा नोंदणी झाली, हरित कर भरला, आणि कागदोपत्री गाडी 2028 पर्यंत रस्त्यावर राहू शकते. हा 2028 चा आकडा पुढे निर्णय घेताना फार उपयोगी पडला.

गाडी माझ्या बाबांची. वय 74, राहणार मानपाडा, घोडबंदर रोड, ठाणे. गाडीचा वापर ठरलेला आहे. आठवड्यातून दोनदा नौपाड्यात बँक आणि भाजी, अधूनमधून घाणेकर नाट्यगृह, महिन्यातून एकदा वसईला आत्याकडे. म्हणजे बहुतेक धावणं मेट्रो 4 च्या कामाच्या पत्र्यांना खेटून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, एसी लावून. आणि महिन्यातून एकदा गायमुखचा घाट.

मी स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर. अकरा वर्षं रबाळ्याला उष्णता विनिमयक बनवणाऱ्या कारखान्यात काढली, म्हणजे इंजिनाचं गरम पाणी हवेने थंड करणाऱ्या रेडिएटरचेच मोठे भाऊबंद. तरीही या प्रकरणात दोन ठिकाणी माझा अंदाज चुकला. त्या दोन्ही जागा मी खाली लपवलेल्या नाहीत.

घाटातला शनिवार

मार्च 2024. आई-बाबा वसईहून परत येत होते. चेण्याचा पूल ओलांडला आणि घाटात ट्रकांची रांग लागली. वीस मिनिटांत टेंपरेचरचा काटा निम्म्यावरून वर सरकला. बाबांनी एसी बंद केला, काचा उघडल्या, हीटर पूर्ण गरमवर टाकून त्याचा पंखा लावला. हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही, फियाट चालवताना अंगी मुरलेलं आहे. हीटर म्हणजे डॅशबोर्डामागचा छोटा रेडिएटरच, तो इंजिनाची थोडी उष्णता आत सोडतो. काटा जरा थबकला, पण उतरला नाही. मग बॉनेटच्या कडेने वाफ आली. त्यांनी गाडी डाव्या बाजूला घेऊन बंद केली.

बाबा झाकण उघडायला निघाले होते, आईने हात धरला. बरं झालं. झेनच्या रेडिएटरच्या झाकणावर 0.9 लिहिलेलं असतं, म्हणजे चौरस सेंटिमीटरला 0.9 किलो दाब आतच ठेवायचा. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास जाऊन उकळतं. झाकण उघडलं की दाब जातो, उकळबिंदू एकदम 100 वर येतो आणि आतलं सगळं त्याच क्षणी उसळून तोंडावर येतं. गरम गाडीचं झाकण उघडू नये, एवढं एक वाक्य घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला पाठ हवं.

मागच्या ट्रकचा चालक खाली उतरला. त्याने पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या आणि हळद टाकायचा सल्ला दिला. जुन्या चालकांचा हा उपाय खोटा नाही. हळदीची पूड पाण्यात फुगते, बारीक भोकापाशी ओढली जाऊन तिथे बसते आणि गळती थांबते. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरला ती खपून जायची, नंतर रॉड मारून नळ्या साफ करता यायच्या. आजच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या चपट्या, आतून जेमतेम दीड-दोन मिलिमीटरच्या. भोकाबरोबर त्या नळ्याही हळद बुजवते, आणि हीटरची जाळी तर आधी. बाबांनी हळद टाकली नाही. अर्धा तास थांबून, पाणी भरून, थांबत थांबत गाडी घरी आणली.

रेडिएटरच का?

दुसऱ्या दिवशी दोन गॅरेजवाल्यांशी फोनवर बोलणं झालं. एकाने गाडी न बघताच सांगितलं, रेडिएटर बदला, साडेपाच हजार. दुसरा म्हणाला, थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून टाका, उन्हाळ्यात सगळे तेच करतात. दोघांनीही गाडी कधी तापते हे विचारलं नाही. मला विचाराल तर हा पहिला प्रश्न. नुसत्या ट्रॅफिकमध्ये तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येत असेल तर संशय हवेवर, म्हणजे पंखा, त्याची मोटर, जाळीवरची माती. मोकळ्या रस्त्यावर वेगात किंवा चढावर तापत असेल तर संशय पाण्यावर, म्हणजे तुंबलेल्या नळ्या, वॉटर पंप, थर्मोस्टॅट. आमची गाडी दोन्हीकडे तापत होती. त्यामुळे एकच दोष धरून चालणार नव्हतं.

सगळ्यात मोठी भीती हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या सीलची. झेनचं इंजिन ब्लॉकसकट अ‍ॅल्युमिनियमचं आहे. जास्त तापलं की हेड वाकतं, आणि मग खर्चाचा हिशेब गाडीच्या किमतीजवळ जातो. थंड गाडीचं झाकण काढून इंजिन चालू केलं आणि दहा मिनिटं पाण्याकडे बघत राहिले. सतत बुडबुडे नव्हते. ऑइलची दांडी काढली, तेल स्वच्छ, दुधट नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत बनणारा दाब, मेकॅनिककडून तपासून घेतलं, चौघांत फारसा फरक नव्हता. आईला एवढंच सांगितलं की इंजिन वाचलंय. ती पहिल्यांदा नीट हसली.

मग हातपंप लावून थंड यंत्रणेत दाब भरला. वॉटर पंपाच्या गळतीच्या भोकाखाली कोरडं. होजच्या, म्हणजे रबरी पाइपांच्या, टोकांना कोरडं. रेडिएटरच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात, जिथे प्लास्टिकची टाकी जाळीला चिमटलेली असते तिथे ओल, आणि जाळीच्या मधोमध एका नळीवर टाचणीच्या टोकाएवढा थेंब.

तापमान बघायला इन्फ्रारेड बंदूक वापरली. एक सूचना करते, कारण यात मीसुद्धा सुरुवातीला फसत असे. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर बंदूक रोखली तर आकडा फार कमी येतो, धातू स्वतःची उष्णता नीट दाखवत नाही. म्हणून जाळीवर नऊ ठिकाणी काळ्या चिकटपट्टीचे तुकडे लावले आणि त्यांच्यावर मोजलं. गरम पाणी जिथून आत येतं तिथे 91. उजवीकडचा आणि मधला भाग ऐंशीच्या घरात. डावीकडचा जवळजवळ एक तृतीयांश भाग पन्नाशीत. तिथून पाणी जातच नव्हतं.

म्हणजे रेडिएटर खरंच गेला होता. फोनवरचा माणूस बरोबर निघाला. पण त्याचं ऐकून तेवढ्यावर थांबलो असतो तर नवा रेडिएटरही दोन वर्षांत गेला असता.

जुना का मेला

हा रेडिएटर मूळचा नव्हता. 2016 च्या सुमारास एका गॅरेजमध्ये बसवलेला, अ‍ॅल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या. असा रेडिएटर आठ वर्षांत आतून सडायला नको. कारण शोधताना तीन गोष्टी हाती लागल्या.

पहिली, थर्मोस्टॅट नव्हताच. कधीतरी कोणीतरी काढून टाकला होता. बाबांना माहीतही नव्हतं. गेली कित्येक वर्षं थंडीत इंजिन गरम व्हायला वेळ लागायचा आणि पेट्रोल जास्त लागायचं, त्याचं उत्तर इथे मिळालं. थर्मोस्टॅट काढल्याने गाडी थंड राहते हा समज इतका पसरलाय की मला त्याचा मनापासून त्रास होतो. थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की पाण्याला वाट मोकळीच असते. तो काढून तुंबलेल्या रेडिएटरची ताकद वाढत नाही, फक्त इंजिनाला योग्य तापमान मिळायचं थांबतं.

दुसरी, पंखा डायरेक्ट केलेला होता. स्विच बिघडला म्हणून कोणीतरी इग्निशनवरून वायर ओढून पंखा कायमचा चालू केला होता, आणि त्याची अर्थिंग पंख्याच्या पत्र्यातून रेडिएटरच्या बाजूच्या ब्रॅकेटवर घेतली होती. रेडिएटर रबरी बुशांवर बसतो. त्यामुळे त्या विजेचा बॉडीकडे परत जायचा रस्ता एका गंजलेल्या नटावर अवलंबून होता. मल्टिमीटर घेतला. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन धातूला न टेकवता रेडिएटरच्या पाण्यात. पंखा आणि हेडलाइट चालू ठेवून 0.42 व्होल्ट. अ‍ॅल्युमिनियमच्या यंत्रणेत हा आकडा 0.1 च्या आत असावा. रेडिएटर आणि पाणी यांच्यात कायम विजेचा दाब राहिला की धातू आतून खाल्ला जातो, टाचणीएवढी भोकं पडत जातात. आमच्या जाळीवरचा तो थेंब तिथूनच आला असं माझं मत आहे.

तिसरी गोष्ट साधी होती आणि मनाला जास्त लागली. सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो. गाडी धुणारा मुलगा काळजीने दर आठवड्याला बॉनेट उघडून टँकरचं पाणी वर भरून ठेवायचा. ते बोअरिंगचं, क्षारांचं पाणी. बाथरूमच्या नळावर महिन्यात पांढरा थर येतो त्याच पाण्याने. कुलंट, म्हणजे रेडिएटरमधलं गंजरोधक मिसळलेलं पाणी, पातळ होत होत संपलं आणि नळ्यांत क्षार बसत गेले. चूक त्या मुलाची नाही. डिकीत कुलंट ठेवून त्याला दाखवलं कोणी नव्हतं.

पाच वाटा

आता निवड. सगळ्यात आधी मूळ कंपनीच्या भागाची चौकशी केली. मागणी नोंदवू पण कधी येईल सांगता येत नाही, असं उत्तर आलं. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणं शक्य नव्हतं, तो विषय तिथेच संपला.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. तिथे भंगारात निघालेल्या झेनचा रेडिएटर बाराशेला मिळत होता. हातात घेऊन बघितला, बाहेरून आमच्यापेक्षा चांगला. पण नळ्या आतून दिसत नाहीत, आणि ती गाडीही याच हवेत, याच पाण्यावर वाढलेली. परत ठेवला.

तिसरी वाट राबोडीतल्या एका चाचांकडची. चाळीस वर्षं डाखाचं, म्हणजे सोल्डरिंगचं, काम. त्यांच्या दुकानात शिरलं की पितळ तापल्याचा आणि फ्लक्सचा वास येतो, मला तो कारखान्याची आठवण करून देतो. बाबांचं मन तांब्याकडे होतं. त्यांच्या फियाटचा रेडिएटर तांब्या-पितळेचा होता, तीनदा डाख लावून पंधरा वर्षं टिकलेला. चाचांनी जुना रेडिएटर उलटापालटा केला आणि म्हणाले, "ताई, याला डाख बसत नाही, टाकी प्लास्टिकची. तांब्याची जाळी, पितळी टाक्या करून देतो, साडेसहा हजार, आठ दिवस. पण तुम्ही करू नका."

मी कारण विचारलं. त्यांनी दोन दिली, आणि दोन्ही माझ्या पुस्तकी ज्ञानाशी जुळली. हाताने बांधलेल्या जाळीत नळ्यांमधल्या पातळ पत्र्याच्या पंखांच्या (फिन्सच्या) घड्या विरळ येतात, इंचाला दहाच्या आसपास. शिवाय वजन वाढतं, आणि झेनचे रबरी बुश आणि वरचे दोन ब्रॅकेट तेवढ्या वजनासाठी केलेले नाहीत.

इथे तांबं विरुद्ध अ‍ॅल्युमिनियमबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण जवळपास प्रत्येक घरात हा वाद होतो. तांब्याची उष्णतावाहकता 400 च्या आसपास, अ‍ॅल्युमिनियमची 235 च्या आसपास. आकडे बघून तांबं जिंकल्यासारखं वाटतं. पण रेडिएटरमध्ये उष्णतेला सगळ्यात जास्त अडवतं ते धातू नाही, धातूला चिकटलेला हवेचा पातळ थर. पाण्यातून नळीत आणि नळीतून पंखांत उष्णता सहज जाते. पंखांतून हवेत जाताना रांग लागते. त्यामुळे पंखांचं क्षेत्रफळ किती आणि त्यांच्यामधून हवा किती, यावर खेळ ठरतो. जुन्या पद्धतीच्या तांब्याच्या रेडिएटरमध्ये नळ्या पितळेच्या असतात आणि पंख त्यांना डाखाने जोडलेले. पितळ आणि डाख, दोघंही तांब्याइतके चांगले वाहक नाहीत. अ‍ॅल्युमिनियमची जाळी भट्टीत एकसंध जोडली जाते, नळ्या रुंद असतात, पंखांना जास्त चिकटतात. शिवाय तांब्याची घनता 8.96, अ‍ॅल्युमिनियमची 2.7. तांब्याचा खरा गुण दुरुस्तीत आहे. रस्त्याकडेच्या दुकानात डाख लावून गाडी पुढे निघते. जी गाडी कोकणात आतल्या गावी राहते तिच्यासाठी मी आजही तांब्याचा विचार करेन. मानपाड्यातल्या गाडीला ती गरज नाही.

माझा पहिला चुकीचा अंदाज

चौथी वाट माझी लाडकी होती. रबाळ्यातल्या ओळखीच्या वर्कशॉपमधून पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा, वेल्ड केलेल्या टाक्यांचा, 40 मिलिमीटर जाड रेडिएटर करून घ्यायचा. चौदा हजार सांगितले. मी मनात जवळजवळ हो म्हटलं होतं. जाड म्हणजे जास्त थंड, असं माझ्यातल्या इंजिनिअरलाही वाटून गेलं.

रात्री कागद घेऊन बसले तेव्हा चित्र वेगळं दिसलं. ढोबळ मानाने पेट्रोल इंजिन जेवढी ताकद चाकांना देतं साधारण तेवढीच उष्णता कुलंटमध्ये टाकतं. घाटात ती बरीच असते, पण तिथे निदान थोडा तरी वेग असतो. ट्रॅफिकमध्ये उष्णता कमी, पण हवा फक्त पंख्याची. आणि त्या हवेच्या वाटेत आधी कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी. एप्रिलच्या दुपारी रस्त्यावरची हवा 38 धरली आणि कुलंट 95, तर फरक 57 अंशांचा. हवा कंडेन्सरमधून जाताना 50 झाली तर फरक उरतो 45. म्हणजे रेडिएटरला हात न लावता त्याची ताकद एक पंचमांशाने घटली.

आता तिथे 40 मिलिमीटरची जाळी लावली तर झेनचा छोटा पंखा तिच्यातून कमी हवा ओढणार. जेवढी हवा जाते ती पुढच्या नळ्यांवरच तापते, मागच्या ओळीला गरम हवा मिळते आणि ती फारसं काम करत नाही. वेगात धावणाऱ्या गाडीला जाड रेडिएटर लाभतो, घोडबंदर रोडवर रांगणाऱ्या गाडीला नाही. शिवाय पंखा मागे सरकून इंजिनाजवळ आला असता. आणि 2028. चार वर्षांसाठी चौदा हजार, तेही गैरसोयीचे. कागद घडी करून ठेवला.

दुकानातला शोध

राहिली पाचवी वाट, बाजारात मिळणारा तयार रेडिएटर. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, कारण दुकानात नुसतं "झेनचा द्या" म्हटलं जातं.

पहिला रेडिएटर आला तो झेन एस्टिलोचा. नावात झेन असलं तरी डिसेंबर 2006 ला आलेली ती गाडीच वेगळी. 1998 लाच आलेली डिझेल झेनही वेगळी, तिचं 1527 सीसीचं इंजिन पूजोचं. म्हणून दुकानात वर्ष, पेट्रोल की डिझेल, इंजिनाचे सीसी, आणि एसी आहे की नाही, हे चारही सांगावं. जुन्या छोट्या गाड्यांत एसी आणि बिनएसीचे रेडिएटर वेगळे मिळतात, आणि दुकानदार स्वतःहून विचारत नाही.

मी जुना रेडिएटर पिशवीत घालून बरोबर नेला. वागळे इस्टेटजवळच्या दुकानात दोन डबे उघडून शेजारी ठेवले. दोन्ही झेन पेट्रोलचे, दिसायला भावंडं. फुटपट्टी काढली. जाळीची उंची-रुंदी सारखी. जाडी एकाची 16 मिलिमीटर, दुसऱ्याची 26. एक इंच पट्टी धरून पंखांच्या घड्या मोजल्या, पातळ्यात 12, जाड्यात 16. वरच्या-खालच्या नळ्यांची तोंडं, खालच्या दोन खुंट्यांमधलं अंतर, पंख्याचे चार स्क्रू, सगळं जुन्याशी ताडून पाहिलं. काही गाड्यांत पंख्याचा स्विच रेडिएटरच्या टाकीतच बसतो, काहींत इंजिनावर, तेव्हा टाकीला त्याचं भोक हवं की नको हेही बघावं लागतं.

दुकानदार काका सुरुवातीला वैतागले. पंधरा मिनिटांनी स्वतःच टॉर्च घेऊन आले आणि टाकीच्या तोंडातून आत प्रकाश टाकून नळ्यांची टोकं दाखवू लागले. जाड्याच्या नळ्या सरळ आणि एका रेषेत. पातळ्याच्या दोन नळ्या टाकीच्या रबरात किंचित दबलेल्या. जाडा तीन हजार चारशेला, पातळा दोन हजार सहाशेला.

चाळीस मिलिमीटर नाकारून 26 का घेतला, हा प्रश्न बाबांनी बरोबर विचारला. एक तर आमच्या जुन्याची जाडीही 26 च होती, म्हणजे पंखा, पत्रा आणि जागा त्याच्याशी जुळलेली. आणि पंखाही नवा घ्यायचा ठरला होता. जुन्याची मोटर बारीक वायरवर वर्षानुवर्षं अखंड फिरून थकली होती. चांगल्या पंख्याला ही जाडी झेपते.

घेतलेला रेडिएटर थेट गाडीत बसवला नाही. चाचांकडे नेला. त्यांनी तोंडं बंद केली, पाण्याच्या हौदात बुडवला, हवेचा दाब दिला. एकही बुडबुडा नाही. पन्नास रुपये घेतले आणि चहा पाजला. नवा भाग असा तपासून घेणारे कमी, पण बसवून, कुलंट भरून मग गळती सापडण्यापेक्षा हे किती सोपं.

बसवताना

आधी इंजिनाच्या आतली वाट धुतली, साध्या पाण्याने, उलट दिशेने, पाणी स्वच्छ येईपर्यंत. अ‍ॅसिडची पूड वापरली नाही, कारण ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा. कंडेन्सरवरची माती हलक्या धारेने काढली. जोराच्या धारेने पंख आडवे होतात आणि मग हवा जात नाही. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटींना फोमच्या पट्ट्या लावल्या. या पट्ट्या कुजून पडल्या की पंखा जाळीऐवजी फटीतून हवा ओढतो. खर्च सगळ्यात कमी आणि गुण बराच.

थर्मोस्टॅट नवा आणला. घरी पातेल्यात पाणी आणि स्वयंपाकाचा थर्मामीटर घेऊन बघितला, 82 ला उघडायला लागला. होज बदलले. झाकण नवं, 0.9 चं. पंख्याला रिले आणि स्विच परत दिला, आणि त्याची अर्थिंग जाड वायरने थेट बॉडीला, रंग खरवडून. इंजिन ते बॅटरीची अर्थिंगची पट्टीही बदलली. मग पुन्हा तीच मल्टिमीटरची चाचणी: 0.04 व्होल्ट.

कुलंट तयार मिश्रणाचं घेतलं, डब्यावर जपानी मानक जेआयएस के 2234 छापलेलं. हिरवं की लाल यावरून प्रकार ठरत नाही, रंग ही कंपनीची मर्जी. दोन प्रकार मिसळले की गंजरोधक लवकर संपतात, म्हणून एकच ठेवायचं. भरताना गाडीचं तोंड उतारावर वर ठेवलं, हीटर गरमवर, झाकण काढून इंजिन मंद चालू, आणि वरचा होज हाताने हलके दाबत राहिलो. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत हवा निघत राहिली, पातळी खाली जात राहिली. चार लिटरला थोडं कमी गेलं.

दुसरी चूक माझीच. नव्या होजना मी स्क्रूच्या क्लिपा लावल्या आणि घट्ट, म्हणजे फारच घट्ट आवळल्या. तीन आठवड्यांनी वरच्या तोंडापाशी ओल दिसली. प्लास्टिकचं तोंड गरम होऊन फुगतं, थंड होऊन आकसतं. स्क्रूची क्लिप त्याच्याबरोबर हलत नाही, तिने कडा चेपली होती. सुदैवाने तडा गेला नव्हता. मूळच्या स्प्रिंगच्या क्लिपा परत लावल्या, ओल थांबली. जुन्या क्लिपा मी भंगारात टाकायला निघाले होते, बाबांनी डब्यात जपून ठेवल्या होत्या.

एकूण खर्च: रेडिएटर 3400, पंखा, रिले आणि स्विच मिळून 2900, थर्मोस्टॅट, झाकण आणि होज 1350, कुलंट 900, मजुरी 1500. दहा हजार पन्नास. फोनवरच्या साडेपाच हजारांत फक्त रेडिएटर होता, बाकी सगळं जसंच्या तसं राहणार होतं.

येऊर आणि कापूरबावडी

पहिली चाचणी येऊरच्या चढावर. उपवनहून वर, सकाळी, एसी बंद, बाबा चालवत, मी शेजारी. वर थांबून थर्मोस्टॅटच्या डब्यावर लावलेल्या पट्टीवर मोजलं, 86. उतरताना 80. कित्येक वर्षांनी या गाडीचा काटा एका जागी स्थिर बघितला.

खरी परीक्षा मे महिन्यात, दुपारी तीनला, कापूरबावडी ते मानपाडा. एसी लावून पन्नास मिनिटं लागली. पंखा त्याच पट्टीवर 93 ला लागला, 88 ला थांबला, पुन्हा लागला. थांबतो याचंच बाबांना अप्रूप. आधीच्या कायम चालणाऱ्या पंख्याच्या आवाजाची त्यांना इतकी सवय झाली होती की पंखा बंद झाला की ते काट्याकडे बघायचे. सगळ्यात वरचा आकडा 96. एसी बंद करावा लागला नाही.

ऑक्टोबरात पुन्हा सगळं तपासलं. पाण्यातला विजेचा दाब 0.05. कुलंटच्या बाटलीतली पातळी खुणेवर. मधल्या काळात वसईच्या चार फेऱ्या झाल्या, त्यातली एक भर पावसात, घाटात दीड तास अडकून.

जुना रेडिएटर चाचांनी माझ्या आग्रहाने करवतीने कापून दिला. डावीकडच्या नळ्यांची तोंडं पांढऱ्या क्षारांनी अगदी बंद झालेली होती, आणि मधल्या एका नळीच्या आतल्या बाजूला मुंगीने कुरतडल्यासारखे खड्डे. एक तुकडा मी सोसायटीत नेला आणि गाडी धुणाऱ्या मुलाला दाखवला. त्याने बोटाने तो पांढरा थर खरवडून बघितला आणि विचारलं, "आपलंच पाणी हे?" आता कुलंटचा एक लिटरचा डबा डिकीत असतो, बाटलीवर पातळीची खूण लाल रंगाने केली आहे, आणि पातळी खाली दिसली तर तो पाणी न भरता इंटरकॉमवरून बाबांना कळवतो. अजून तरी एकदाही कळवायची वेळ आलेली नाही.